खिडकीवरची ढाल आणि माझं चुकलेलं साल

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी एक वाक्य लिहिलं होतं. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या पुढच्या खिडकीवर, रस्त्यावरून उडणाऱ्या दगडांपासून बचाव करणारी पारदर्शक ढाल बसू लागली होती, असं ते वाक्य. अगदी ठाम. खाली तळटीप, तळटिपेत एका छायाचित्राचा हवाला, छायाचित्राखाली छापलेलं साल १९५६. ट्रेलर सुंदर चकचकीत, पुढच्या काचेवर स्क्रूने बसवलेली पारदर्शक प्लास्टिकची शीट स्पष्ट दिसत होती. आणखी काय पुरावा हवा?

विभागातल्या सादरीकरणात एका सीनियरने हात वर केला आणि विचारलं, "ढाल कशाची आहे?"

"प्लास्टिकची."

"कुठलं प्लास्टिक?"

मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं, हेही तोवर सुचलं नव्हतं. घरी येऊन त्या ट्रेलरच्या मालकांना ईमेल केली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. माणूस भला होता, त्याने आनंदाने सांगितलं की शीट पॉलिकार्बोनेटची आहे आणि ट्रेलर दुरुस्त करताना त्याने स्वतःच बसवली आहे. पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ चा. जर्मनीत बायर कंपनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स, दोघांना ते जवळजवळ एकाच वेळी सापडलं. पण माल म्हणून ते बाजारात यायला ते दशक संपत आलं. म्हणजे १९५६ च्या ट्रेलरवर कारखान्यातून ती शीट बसून येणं शक्यच नव्हतं. ट्रेलर १९५६ चा, ढाल आत्ताची. माझी तळटीप दोन वेगळ्या काळांतल्या वस्तूंना एकच वय देत होती.

पीएचडीच्या तयारीत असलेल्यांपैकी कुणी तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळणार असेल, तर ही फजिती आणि त्यानंतर काय केलं ते तुमच्या कामाला येईल म्हणून लिहिते आहे. शिवाय विषयच मोठा गमतीचा आहे. सिनॉप्सिस दिली तेव्हा "एवढ्याशा काचेवर पीएचडी?" असं विचारणारे आजही भेटतात.

आधी वस्तू समजून घेऊ. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं छोटं घर. आत झोपायची जागा, ओटा, टेबल. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात याला कॅरव्हॅन म्हणतात. त्याला स्वतःचं इंजिन नाही, चालकही नाही. पुढे एक लोखंडी दांडी असते, ती ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या गोळ्यावर अडकवायची. गाडी चालू असताना आत कुणी बसत नाही, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तशी परवानगीच नाही. तरी पुढच्या भिंतीला मोठी खिडकी असते. का? कारण मुक्कामाला पोचल्यावर त्या खिडकीशी टेबल असतं, तिथे बसून सकाळचा चहा घेत समोरचं तळं बघायचं असतं. खिडकी थांबलेल्या घराची आहे. दगड मात्र चालत्या गाडीला लागतो. माझं सगळं प्रकरण या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत बसतं.

आता दगड. आपल्याकडेही खडीच्या डंपरमागे गाडी चालवणारा माणूस अंतर ठेवतो आणि तरी कधीतरी काचेचा टवका उडतोच. सगळ्यांची समजूत अशी की पुढच्या गाडीचं चाक दगड "मागे फेकतं". मीही तसंच धरून चालले होते. अकरावीच्या फिजिक्सवर गणित मांडून बघितलं तर चित्र वेगळं निघालं.

रस्त्यावरून लोळणाऱ्या टायरचा जो भाग त्या क्षणी जमिनीला टेकलेला असतो, त्याचा जमिनीच्या तुलनेत वेग शून्य असतो. टायरच्या खाचेत अडकलेला खडा जमीन सोडून साधारण २० अंश वर आला आणि सुटला, असं धरा. गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. सुटताना खड्याचा वरच्या दिशेचा वेग भरतो सेकंदाला सुमारे साडेआठ मीटर, आणि आडवा वेग जेमतेम दीड मीटर, तोही पुढच्या दिशेने! म्हणजे खडा मागे फेकला जातच नाही. तो जवळजवळ जागच्या जागी उभा वर उडतो आणि मागून येणारा ट्रेलर सेकंदाला साडेतेवीस मीटर वेगाने त्याच्यावर जाऊन आदळतो.

गणित अजून दोन ओळी पुढे नेलं. मागच्या चाकापासून ट्रेलरच्या पुढच्या खिडकीचं अंतर साडेतीन मीटर धरलं, तर तेवढ्या वेळात खडा जमिनीपासून सव्वा मीटरच्या जरा खाली पोचलेला असतो. २५ अंशांवर सुटला तर दीड मीटरवर. बहुतेक ट्रेलरची पुढची खिडकी याच उंचीत येते. हवेचा विरोध, टायरचा आकार हे सगळं मी सोडून दिलंय, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत. पण गंमत पुढेच आहे. वेग ताशी ६० वर आणला तरी २० अंशांचा तोच खडा साधारण एक मीटरवर लागतो. म्हणजे हळू चालवून दगड खिडकी चुकवेलच असं नाही, लागतो मात्र कमी जोरात. २० ग्रॅमच्या खड्याची ऊर्जा साडेपाच ज्यूलवरून अडीच ज्यूलवर येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने गणित कशाला करायचं, असं मॅडमनाही आधी वाटलं होतं. मला ते करावं लागलं, कारण त्याशिवाय "लोकांनी ढाल का लावली" याचं उत्तर मी "काच फुटत होती म्हणून" एवढंच देऊ शकत होते, आणि ते काही उत्तर नव्हे.

मग ही खिडकी अशा जागी आलीच कशी?

१९३० च्या दशकात अमेरिकेत ट्रेलरचं वेड आलं आणि त्यातल्या चांगल्या ट्रेलरवर विमानाची छाप होती. हॉली बोलस हा ग्लायडर बांधणारा माणूस, लिंडबर्गचं 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' जिथे बांधलं त्या रायन कंपनीत काम केलेला. त्याने १९३४ मध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेट मारून 'रोड चीफ' नावाचा ट्रेलर काढला. त्याचं दार चक्क पुढच्या बाजूला होतं, ओढायच्या दांडीच्या वर. आत शिरायचं तर दांडी ओलांडायची. धंदा चालला नाही. एअरस्ट्रीमच्या वॉली बायमने तोच आराखडा घेऊन १९३६ मध्ये 'क्लिपर' आणला आणि दार बाजूला नेलं. क्लिपर हे नावसुद्धा त्या काळच्या प्रवासी विमानांवरून घेतलेलं. दार हलल्यावर पुढची भिंत मोकळी झाली आणि तिथे खिडकी निवांत बसली.

फ्रान्सच्या समाजशास्त्रज्ञ मॅडलीन आक्रिश यांनी १९९२ च्या एका लेखात म्हटलंय की वस्तू घडवणारा माणूस तिच्यात एक जगच लिहून ठेवतो: ती कोण वापरेल, कुठे वापरेल, कशी. (वस्तूंवर काम करणार असाल तर हा लेख पहिल्या सेमिस्टरलाच वाचा, माझ्यासारखा तिसऱ्या वर्षी नको.) क्लिपरच्या गुळगुळीत गोलाईत लिहिलेलं जग हवेचं होतं. हवेत खडी नसते.

रस्त्यावर ती होती. त्यातला सगळ्यात बोलका रस्ता म्हणजे अलास्का हायवे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जपानच्या धास्तीने अमेरिकन लष्कराने सुमारे २७०० किलोमीटरचा कच्चा रस्ता कॅनडातून अलास्कापर्यंत आठ महिन्यांत काढला. काम करणाऱ्या दहा हजारांहून जास्त सैनिकांत साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते, ही गोष्ट फार वर्षं कुणी ठळकपणे सांगितली नाही. १९४८ मध्ये रस्ता सर्वांसाठी खुला झाला. पुढच्याच वर्षी 'द माइलपोस्ट' हे प्रवाशांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक निघालं, ते आजही दरवर्षी निघतं. पृष्ठभाग खडीचा, समोरून येणारे ट्रक, धूळ. तिथे जाणारे लोक हेडलाइटवर, रेडिएटरवर जाळ्या लावत आणि ट्रेलरच्या पुढच्या काचेवर जे हाताशी असेल ते बांधत: प्लायवूड, जाड पुठ्ठा, रबरी मॅट.

इथे माझी दुसरी चूक झाली. पहिली चूक लक्षात आल्यावर मी घाईघाईने नवी कथा रचली की ढालीचा जन्म अलास्का हायवेवर झाला. कथा छान वाटते. एक रस्ता, एक अडचण, एक शोध. मॅडमनी कच्चा खर्डा वाचून समासात एवढंच लिहिलं: "डांबरी रस्त्यावर दगड नसतात का?"

असतात की! १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचं जाळं सुरू झालं, पण डांबरी रस्त्याचं आयुष्य वाढवायला आजही डांबर शिंपडून त्यावर बारीक खडी पसरतात आणि रोलर फिरवतात. आपल्याकडचे ठेकेदार ज्याला सीलकोट म्हणतात तोच प्रकार. त्यातली सुटी खडी पुढचे काही दिवस उडतच राहते. बर्फाळ भागात घसरू नये म्हणून थंडीत वाळू-खडी टाकतात. आणि पक्क्या रस्त्यावर गाड्या जास्त वेगाने धावतात. वर बघितलंच, दगडाच्या ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. म्हणजे रस्ता सुधारल्यावर दगड कमी झाले, पण जो लागायचा तो जास्त जोरात लागू लागला. अलास्का हा जन्म नव्हता, फक्त ठळक उदाहरण होतं. संशोधनात हे दोन वेगळे ठेवायला मला अजून जड जातं.

काचेचा इतिहासही इथे आडवा येतो. मोटारीच्या पुढच्या काचेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाच्या हातून १९०३ मध्ये प्रयोगशाळेत काचेचं भांडं पडलं, ते तडकलं पण विखुरलं नाही, कारण आत नायट्रोसेल्युलोजचा थर वाळून बसला होता. १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं, ट्रिप्लेक्स नावाने ती काच आली, आणि १९२० च्या दशकाच्या शेवटी फोर्डच्या मॉडेल ए गाडीला अशी लॅमिनेटेड पुढची काच बसू लागली. दोन काचांच्या मध्ये चिकट थर, त्यामुळे दगड लागला तर टवका उडतो, तडा जातो, पण काच जागेवर राहते. ट्रेलरची पुढची खिडकी दिसायला तशीच समोर असली तरी तिच्यामागे चालक नाही, माणूसच नाही. चेहऱ्यावर काचा येतील ही भीती, जिच्यामुळे मोटारीची काच सुधारली, ती इथे लागू नव्हती. म्हणून तिथे कधी साधी काच बसली, कधी टेंपर्ड. टेंपर्ड काच मजबूत खरी, पण टोकदार खडा नेमका लागला तर एका क्षणात अख्ख्या काचेचे खडीसाखरेएवढे तुकडे. मुक्कामाला पोचून दार उघडावं तर गादीवर काचेचा सडा, भांड्यात काच, पिठात काच. आणि पाऊस आला तर वेगळंच.

यावर निघालेला जो उपाय मला सर्वांत आवडतो तो अगदी साधा आहे. फायबरग्लासचा किंवा अॅल्युमिनियमचा एक पत्रा, वरच्या कडेला बिजागरी. निघताना पत्रा खाली पाडून खिडकी झाकायची, खालच्या बाजूला खिट्टी लावायची. मुक्कामाला पोचल्यावर तोच पत्रा वर उचलून दोन दांड्यांवर टेकवायचा, की झालं छप्पर, ऊन-पाऊस दोन्ही अडवणारं. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या कितीतरी अमेरिकन आणि कॅनेडियन ट्रेलरवर, विशेषतः लहान ट्रेलरवर, हा प्रकार दिसतो. पारदर्शक ढालीने खिडकी सतत खिडकीच राहते. बिजागरीच्या पत्र्यात मात्र ते घर दिवसातून दोनदा वाहन आणि वाहनाचं पुन्हा घर होतं, आणि हे कुणीतरी हाताने करतं. माझ्या फसलेल्या तळटिपेत ही क्रियाच नव्हती. मी "ढाल होती की नव्हती" एवढंच विचारत होते.

एअरस्ट्रीमने मात्र पुढचा भाग आणखी काचेचा करत नेला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही वर्षं त्यांच्या ट्रेलरला कॉर्निंगची वाकवलेली, रासायनिक प्रक्रियेने कणखर केलेली काच होती. आज ती मूळ काच सहजासहजी मिळत नाही. तसे ट्रेलर सांभाळणाऱ्या माणसाला एक खडा म्हणजे महिनोन्महिने शोधाशोध. पुढे कोपऱ्यांत वळणाऱ्या खिडक्या आल्या आणि त्यांच्यावर बसवायच्या गडद प्लास्टिकच्या ढालीही आल्या. माझ्या छायाचित्रातल्या मालकाने आजचं पॉलिकार्बोनेट १९५६ च्या ट्रेलरवर का लावलं, तेही आता कळतं. तो खोटेपणा करत नव्हता. जुनी काच वाचवत होता. खोटेपणा, म्हणजे घाई, माझी होती.

ऑस्ट्रेलियात गोष्ट उलटी फिरते. तिथले आतल्या भागातले कच्चे रस्ते लांबच लांब, त्यामुळे कॅरव्हॅनच्या पुढे भक्कम ढाल लावणं आलंच. पण मग ओढणाऱ्या गाडीची मागची काच फुटायला लागली! वरचं गणित आठवा: खडा जवळजवळ स्थिर, ढाल त्याच्यावर सेकंदाला साडेतेवीस मीटरने आदळते. ढाल कडक आणि सरळ उभी असेल तर खडा उसळून पुढे जातो, गाडीपेक्षाही जास्त वेगाने, आणि मागून गाडीला गाठतो. गाडीची मागची काच बहुधा टेंपर्ड, म्हणजे पुन्हा तोच सडा, यावेळी माणसं बसलेल्या गाडीत. म्हणून तिकडे दांडीवर तिरप्या चौकटीत ताणलेली जाळी लावतात. तिच्यावर आपटला की खड्याचा जोर मरतो आणि तो खाली किंवा बाजूला पडतो. काही जण ओढणाऱ्या गाडीच्या मागेच पूर्ण रुंदीचा रबरी पडदा लावतात, म्हणजे खडा वर उडण्याआधीच अडतो. तीच अडचण, पण ढाल हळूहळू काचेपासून सरकत चाकाकडे गेलेली. कालानुक्रमे लिहायला बसले असते तर हे मला दिसलंच नसतं. नकाशावर मांडलं तेव्हा दिसलं.

आता साधनांबद्दल, कारण तुम्ही तेच विचारणार. कंपन्यांच्या जाहिरातींत पुढची काच नेहमी उघडी आणि लख्ख. बायमने १९५९-६० मध्ये केप टाऊनहून कैरोपर्यंत ट्रेलरचा ताफा नेला, त्यासारख्या मोहिमांची छायाचित्रंही शेवटी कंपनीची प्रतिमा उजळण्यासाठीच वापरली गेली, तेव्हा ती बघताना हात राखून. माझ्या कामाला आलं ते सुट्या भागांच्या याद्या आणि अॅक्सेसरीजचे कॅटलॉग. त्यात वस्तूला क्रमांक असतो, साहित्य लिहिलेलं असतं, आणि सालही असतं. पेटंटही मी बघते, पण जपून. पेटंट सांगतं की कुणाला तरी ही अडचण वाटली. वस्तू विकली गेली, वापरली गेली, हे ते सांगत नाही. आणि जतन केलेली प्रत्यक्ष वस्तू हे सर्वांत मोहात पाडणारं साधन. तिला हात लावता येतो, म्हणून ती खरी वाटते. पण एखाद्या ट्रेलरची साठ-सत्तर वर्षं दुरुस्तीतच गेलेली असतात. डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) मध्ये शोधांच्या सालांपेक्षा वापराचा आणि देखभालीचा इतिहास लिहायला हवा, असं म्हटलंय. मी ते पुस्तक सिनॉप्सिसमध्ये उद्धृत केलं होतं. तळटीप लिहिताना मात्र विसरले.

आता प्रत्येक छायाचित्रासाठी मी तक्त्यात चार रकाने ठेवते: ट्रेलरचं साल, छायाचित्राचं साल, काचेचं साल, ढालीचं साल. बहुतेक वेळा शेवटचे दोन रकाने रिकामे राहतात. रिकामे राहिले तर ते छायाचित्र तळटिपेत जात नाही.

दुसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य आता असं आहे: "१९६० च्या दशकातल्या लहान ट्रेलरवर पुढच्या खिडकीसाठी बिजागरीचा पत्रा दिसतो, पारदर्शक प्लास्टिकच्या ढाली जुन्या ट्रेलरवर पुष्कळदा नंतर चढवलेल्या आहेत." कमी ठाम, कमी चकचकीत. मॅडमनी त्यातल्या "बिजागरी" या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आहे आणि समासात लिहिलंय: "ही कोण उघडायचं? नवरा की बायको?" त्या रकान्यासाठी आता कुटुंबांचे खाजगी आल्बम शोधते आहे.